पूछताछची पाटी

ज्या गृहस्थांविषयी मी लिहीत आहे त्यांच्यावरचा माझा राग अद्याप गेलेला नाही, हे प्रारंभीच नमूद करून ठेवतो. राग गेल्यावर लिहा, असा सल्ला मला घरून मिळाला होता. तो मानायचा तर मला आयुष्यात एकही पत्र लिहिता आले नसते. आणि भोपाळच्या आमच्या कारखान्यात, वसाहतीत, महापालिकेत आणि वीज कंपनीत माझी काही ओळख असेल तर ती पत्रांमुळेच आहे.

मी कारखान्याच्या विधी विभागात होतो, ते संगणक केंद्रात. त्यांचे नाव लिहीत नाही. तसेही वसाहतीत ते फार थोड्यांना ठाऊक होते. सगळे त्यांना ‘पूछताछ बाबू’ म्हणत. वास्तविक ते चांगले वरिष्ठ अभियंता होते. हे संबोधन पदाला शोभत नाही, याला हरकत घ्या, असे मी त्यांना एकदा स्पष्ट सांगितले. ते नागपूरचे. म्हणाले, “राहू द्या ना जी, वकीलसाहेब. साहेबाला कोणी रस्ता विचारत नाही. बाबूला विचारतात.”

मीही वकील नव्हतो, विधी अधिकारी होतो. ही दुरुस्ती मी त्यांना अनेक वर्षे सुचवत राहिलो. उपयोग झाला नाही.

आमची ओळख एका पाटीवरून झाली. कारखान्याच्या जुन्या टाइम ऑफिसची एक निळी, एनॅमलची पाटी होती. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘पूछताछ’ एवढेच लिहिलेले. टाइम ऑफिस नव्या इमारतीत गेले तेव्हा पाटी भंगारात निघाली, आणि काही दिवसांनी ती संगणक केंद्राच्या तळमजल्यावर, जिथे सर्व्हर ठेवलेले असत त्या थंडगार खोलीच्या दारावर लटकताना मला दिसली. भंगार हीसुद्धा लिलाव होईपर्यंत कंपनीची मालमत्ता असते. मी रीतसर ज्ञापन पाठवले: सदर पाटी आपण कोणत्या अधिकारान्वये लावली, याचा लेखी खुलासा करावा.

लेखी खुलासा आला नाही. माणूसच आला. ऐन मे महिन्यात, बाहेर डांबर वितळत असताना, अंगात बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर. ते दिवसभर त्या थंड खोलीत बसत आणि बाहेर पडताना स्वेटर काढायचे विसरत. पुढे तर विसरणेही संपले आणि स्वेटर बारमाही झाला. माझ्या टेबलासमोर उभे राहून ते म्हणाले, “हे तुम्ही लिहिलं ना? सहीवरून नाव लागेना. विचारत विचारत आलो. बरं झालं, तुमच्या डिपार्टमेंटला पोहोचायचा जवळचा रस्ता कळला.”

“खुलासा लेखी मागितला आहे,” मी म्हणालो.

“लिहून काय कळणार जी? चला, दाखवतो.”

मी गेलो. का गेलो, हे आजही सांगता येणार नाही. त्या खोलीत त्यांनी मला डीएनएस सर्व्हर नावाचे एक राखाडी खोके दाखवले. इंटरनेटवरच्या प्रत्येक ठिकाणाला माणसांसाठी नाव असते आणि यंत्रांसाठी आकडा असतो. आपण नाव टंकतो, हे खोके त्या नावाचा आकडा शोधून देते, आणि मग पुढचे सगळे चालते. “म्हणजे हा कोणाकडे काही नेत नाही, कोणाकडून काही आणत नाही,” ते म्हणाले. “हा फक्त पत्ता सांगतो. ठाऊक नसला तर दुसऱ्याला विचारतो, त्याला ठाऊक नसला तर तिसऱ्याला, अन् येऊन सांगतो. ही पूछताछच आहे ना? मग पाटी चुकीची कशी?”

मी ज्ञापन मागे घेतले. माझ्या सेवाकाळात मी मागे घेतलेले ते एकमेव ज्ञापन.

ते त्या खोक्याविषयी बोलत होते की स्वतःविषयी, असा प्रश्न मला नंतर कित्येकदा पडला. वसाहतीत पाहुणे फार यायचे. सगळी क्वार्टर्स एकसारखी, सगळे रस्ते एकसारखे, आणि भोपाळच्या माणसाची एक खोड अशी की, ठाऊक नसले तरी तो नाही म्हणत नाही. हात लांब करून “बस, सीधे चले जाइए” एवढे म्हणतोच. पूछताछ बाबूंना या सीध्याचा विलक्षण संताप होता. चुकीचा पत्ता सांगणारा माणूस खिसेकापूपेक्षा वाईट, कारण खिसेकापूचे आपण आभार मानत नाही, असे ते म्हणत. त्यांना ठाऊक नसेल तर त्यांचे एक ठरलेले वाक्य होते: “रुकिए, पूछ के बताता हूँ.” आणि खरोखर सायकल वळवून ते विचारायला जात, विचारणारा मात्र तिथेच, कडूनिंबाखाली उभा.

एकदा सतना की रीवा, कुठून तरी आलेल्या एका वऱ्हाडाने त्यांना दुबेजींचे घर विचारले. मी सोबत होतो.

“कौन से दुबेजी?”

“अरे वही, जो फैक्टरी में हैं.”

“यहाँ सब फैक्टरी में हैं. फाउंड्री वाले दुबेजी, कैंटीन वाले दुबेजी, या वो जिनका कूलर रात भर खड़खड़ करता है?”

वऱ्हाडात जरा विचारविनिमय झाला. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “कूलर का तो पता नहीं, पर लड़की का बाप है.” पूछताछ बाबू त्यांना तिन्ही दुबेजींकडे घेऊन गेले. मी विचारले, ही माणसे कोण, कशासाठी आली, हे तुम्ही एकदाही का विचारले नाही? त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी काही अशिष्ट बोललो. “वकीलसाहेब, रस्ता विचारणाऱ्याला तू कोण, असं विचारायचं नसतं. तो परका आहे म्हणूनच विचारून राहिला ना?”

हे त्यांचे तत्त्व होते आणि खोकेही याच तत्त्वावर चाले. जो विचारील त्याला उत्तर. तेव्हा ब्रॉडबँड नवे होते. टेलिफोन कंपनीचा स्वतःचा डीएनएस दर दोन दिवसांनी आडवा होई. तार जोडलेली, दिवा हिरवा, पण एकही पान उघडत नाही. वसाहतीबाहेर अवधपुरीत घरे बांधून राहिलेले आमचे निवृत्त कर्मचारी पूछताछ बाबूंकडे तक्रार घेऊन येत. ते म्हणत, टेलिफोन कंपनीचा राहू द्या, आमचा नंबर टाका. कारखान्याच्या सर्व्हरचे ते आकडे मग एकाकडून दुसऱ्याकडे गेले. सोनागिरीच्या एका न्हाव्याने ते आरशाच्या कडेला रंगाने लिहून ठेवले. दाढी होईपर्यंत गिऱ्हाइकाचे पाठ होत. महाराणा प्रताप नगरातल्या शिकवणी वर्गांत ते फळ्याच्या कोपऱ्यात असत आणि ‘मिटाना मना है’ अशी सूचना खाली असे. निकालाच्या दिवशी अर्धे भोपाळ आमच्या कारखान्याला पत्ते विचारत होते, आणि तो स्वेटरवाला माणूस खोक्यासमोर स्टूलवर बसून, लग्नात पंगतीवर नजर ठेवणाऱ्या मामासारखा, सगळ्यांना वाढले जात आहे ना हे पाहत होता.

मग दिल्लीच्या मुख्यालयातून आदेश आला. एका परिच्छेदाचा. कंपनी के डीएनएस सर्वर का उपयोग बाहरी व्यक्तियों के लिए तत्काल प्रभाव से प्रतिबंधित किया जाए. कारण दिलेले नाही. सुनावणी नाही. आणि ‘बाहरी’ या शब्दाची व्याख्या नाही!

मी आजही म्हणतो की तो आदेश सदोष होता. ज्या माणसाने याच कारखान्यात उभे आयुष्य लेथवर काढले, तो निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाहरी कसा होतो? वसाहतीचा दवाखाना त्याला आतला मानतो, आमचा क्लब मानतो, स्मशानातली लाकडाची सवलतसुद्धा मानते. आणि पत्ता सांगणारे एक खोके तेवढे मानणार नाही? मी पत्र लिहिले. उत्तर आले नाही, म्हणून दुसरे लिहिले. तिसऱ्यानंतर महाप्रबंधकांनी बोलावले.

“आप रिटायर्ड लोगों के लिए इतना क्यों लड़ रहे हैं?” त्यांनी विचारले.

“क्योंकि एक दिन आप भी बाहरी होंगे, सर,” मी म्हणालो.

महाप्रबंधक हसले, पण वाक्य लागले असावे. महिन्याभरात सुधारित आदेश निघाला: ‘बाहरी व्यक्ति’ में सेवानिवृत्त कर्मचारी सम्मिलित नहीं होंगे. मी पत्रात सुचवलेल्या शब्दांत स्वल्पविरामाचाही फरक नव्हता. मी पेढे घेऊन तळमजल्यावर गेलो.

पूछताछ बाबूंनी आदेश दोनदा वाचला, पेढा खाल्ला, आणि म्हणाले, “भाषा सुंदर आहे.”

“मग?”

“तुमच्या कागदावर दुबेजी आहेत. माझ्याकडे दुबेजी येत नाहीत, वकीलसाहेब. आकडा येतो. घरच्या ब्रॉडबँडचा आकडा आज एक, उद्या दुसरा. आज जो दुबेजीच्या घरी आहे तो उद्या कुठल्या लॉजवर असेल. मी निवृत्त कसा ओळखू? आकड्याला पेन्शन थोडीच असते बाप्पा?”

 मग मी त्यांना माझ्या कारकीर्दीतला सर्वोत्तम युक्तिवाद ऐकवला. आदेशाने निवृत्तांना हक्क दिला आहे. सर्वांना उघडे ठेवल्याशिवाय तो हक्क बजावता येत नसेल, तर सर्वांना उघडे ठेवणे हेच आदेशाचे पालन होय. दिलेला हक्क यंत्राच्या अडचणीपायी हिरावून घेता येत नाही.

ते स्टूलवरून उठले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. “हे असं लिहून देता का?” आयुष्यात प्रथमच त्यांनी काही लिहून मागितले. मी दिले. खोक्याची खिडकी सर्वांना उघडी राहिली, पाटी दारावर राहिली, आणि पावसाळाभर आम्ही दोघे एखादा खटला जिंकल्यासारखे कँटीनमध्ये समोसे खात होतो.

दिवाळीनंतर एका सकाळी दुबेजी, म्हणजे फाउंड्रीवाले, जे आता निवृत्त होऊन अवधपुरीत राहत होते, माझ्या टेबलाशी आले. “वकील साहब, आपका कानून तो बंद पड़ गया.” त्यांच्या घरी काही उघडत नव्हते. न्हाव्याकडे नाही, शिकवणी वर्गात नाही. मला वाटले, दिल्लीने डाव साधला. मी लेखणी उचलूनच तळमजल्यावर गेलो.

दारावर पाटी नव्हती. तिच्या जागी तिच्याच आकाराचा, कमी मळलेला चौकोन होता.

“कोणाच्या आदेशाने?” मी विचारले.

“माझ्या.”

“तुम्हाला अधिकार नाही! सुधारित आदेश अस्तित्वात आहे. माझा अभिप्राय नस्तीवर आहे. तुम्ही…”

“बसा जी.”

मी बसलो नाही. त्यांनी उभ्या उभ्याच सांगितले. दक्षिणेतल्या कुठल्याशा गावच्या रक्तपेढीतून एका मुलीचा फोन आला होता. तिचे हिंदी मोडके, यांचे इंग्रजी घाईचे. त्या पेढीचे संकेतस्थळ होते. कोणत्या गटाचे रक्त शिल्लक आहे ते लोक त्यावर पाहत. ते आदल्या दिवसापासून गुदमरून पडले होते, कारण जगभरातून त्याच्यावर उत्तरांचा मारा चालला होता, आणि त्यांतली पुष्कळ उत्तरे आमच्या कारखान्यातून निघत होती.

“मी तिला म्हणालो, बेटा, आप पूछोगे नहीं तो हमारा सर्वर जवाब कैसे देगा? ती म्हणाली, सर, हमने तो कुछ पूछा नहीं. मी हसलो जी तिच्यावर. मग तपासलं. खरं होतं.”

कोणी तरी, कुठून तरी, त्या रक्तपेढीचा पत्ता पाठवणाऱ्याच्या जागी घालून आमच्या खोक्याला प्रश्न विचारत होते. प्रश्न एका ओळीचा, उत्तर पानभर. दुसऱ्याच्या नावाने पोस्टकार्डे टाकून त्याच्या दारात पार्सलांचा ढीग लावावा, तसे. आमचे खोके विचारणाऱ्याला तू कोण असे विचारत नव्हते. ते इमानाने, न थकता, दिवसरात्र, ज्याने काही विचारलेच नव्हते त्याला उत्तरे देत होते.

“तिने लेखी तक्रार पाठवली आहे का?” मी विचारले.

“नाही जी. बंद केल्यावर तिचा परत फोन आला. थँक्यू म्हणाली.”

तो हल्ला झाला तेव्हा खिडकी उघडी होती ती माझ्या युक्तिवादामुळे, हे मला कोणी सांगायला नको. युक्तिवाद चूक नव्हता. त्या गुन्ह्याचे उत्तरदायित्व खोटे नाव घालणाऱ्यावर होते, उत्तर देणाऱ्यावर नव्हे, आणि हे मी कोणत्याही न्यायालयात सिद्ध करून दाखवीन. हे मी त्यांना त्याच दिवशी सांगितले, पुरेशा चढ्या आवाजात. शेजारच्या खोलीतली माणसे दारात येऊन उभी राहिली. ते म्हणाले, “तुमचं बरोबर असेल. पण उत्तरं गेली माझ्या इथून.”

“आणि निवृत्तांचे काय? सहा-आठ महिन्यांत तुम्ही स्वतः बाहरी होणार आहात!”

“हो. मलाही आता मिळणार नाही.”

मग त्यांनी मला एक गोष्ट दाखवली, जी मला त्या वेळी तांत्रिक वाटली. बाहेरून कोणी आता आमच्या कारखान्याचेच नाव विचारले तर खोके आकडा सांगत होते. दुसरे काहीही विचारले तर एका शब्दात नकार देत होते. “पूर्वी फार तर असं नाव कुठंच नाही, एवढं सांगायचा,” ते पडद्याकडे पाहत म्हणाले. “आता ठाऊक असून सांगत नाही. हे मी त्याला शिकवलं.”

पाटी त्यांनी स्वतः भांडारात जमा केली होती. पावतीची प्रत मला आली. संदर्भ म्हणून माझे ते जुने, मागे घेतलेले ज्ञापन नमूद केले होते. तेवढ्याने मी त्यांच्याशी बोलणे सोडले. निरोप समारंभालाही गेलो नाही.

कोणाचे काही अडले का? नाही. हीच चीड येते. टेलिफोन कंपनीचा डीएनएस सुधारला, दुसरे फुकटचे आले, न्हाव्याने आरसा बदलला. वर्षभरात कोणाला आठवेना की अवधपुरीची घरे कधी काळी कारखान्याला पत्ते विचारत असत. बिघडला तो एकच माणूस. दुबेजींनी मला सांगितले, मी विश्वास ठेवला नाही. मग एकदा कारखान्याच्या फाटकाजवळ मी स्वतः पाहिले. हातात पिशवी घेतलेला एक खेडूत त्यांना काही विचारत होता. पूछताछ बाबूंनी सायकलवरून पाय खाली टेकवला आणि विचारले, “आप कौन? किसके यहाँ से?” खेडूत गोंधळला. त्याने पान-टपरीकडे जाऊन तेच विचारले. टपरीवाल्याने हात लांब केला: “बस, सीधे चले जाइए.” पूछताछ बाबूंनी ते ऐकले. त्यांनी मान वळवली आणि सायकल मारत निघून गेले.

मी निवृत्त झालो त्यानंतर बऱ्याच काळाने, गेल्या हिवाळ्यात, त्यांच्या घरी गेलो. ते अवधपुरीत राहतात हे माहीत होते, घर माहीत नव्हते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात विचारले.

“आप कौन?” दुकानदार म्हणाला. “बाबूजी ने बोल रखा है, पहले नाम पूछ लेना.”

मी नाव, पूर्वीचे पद आणि भेटीचे प्रयोजन सांगितले. त्याने फोन लावला, ऐकले, आणि जरा वेगळ्या नजरेने माझ्याकडे पाहिले. “कह रहे हैं, वकील साहब से क्या पूछना, वो तो अंदर के आदमी हैं.”

स्वेटर तोच होता, किंवा त्याच रंगाचा दुसरा. फाटकावर नावाची पाटी नव्हती. आम्ही चहा घेतला. मी बरोबर मुद्दे काढून नेले होते. सुधारित आदेशाची वैधता, त्यांच्या कृतीतील अधिकारातिक्रम, आणि रक्तपेढीच्या प्रकरणात त्यांचे पूर्ण निर्दोषत्व. तिसरा मुद्दा सर्वांत सविस्तर होता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, “अजून पत्रं लिहिता?”

“लिहितो.”

“उत्तरं येतात?”

“नाही.”

“चांगलं आहे,” ते म्हणाले. “चुकीच्या घरी तर जात नाहीत.”

पाच वाजता ते मला पोहोचवायला फाटकापर्यंत आले. समोरून एक बाई येत होती, डोक्यावर गाठोडे, पायांत प्लास्टिकच्या चपला, स्पष्टपणे बाहेरगावची. ती त्यांच्याकडेच वळली. काही चेहऱ्यांकडे पाहून माणसे आपोआप वळतात. “बाबूजी, दुबेजी का मकान किधर है?”

ते बोलले नाहीत. फाटकाच्या कडीवर त्यांचा हात होता, तो तिथेच राहिला. ती माझ्याकडे वळली. मला ठाऊक नव्हते. मी उभा जन्म कारखान्याच्या वसाहतीत काढला, पण तिथलाही कोणता पत्ता मला ठाऊक नव्हता, मग अवधपुरीतला कुठून असणार; मी नेहमी त्यांनाच विचारत आलो होतो. जाऊ दे म्हणून मी हात लांब करणार होतो. सीधे म्हणणे सोपे होते.

“रुकिए,” मी म्हणालो, “पूछ के बताता हूँ.” आणि मी त्यांच्याकडे वळून मराठीत विचारले, “दुबेजींचे घर कुठे आहे?”

 मग ते माझ्याकडे पाहत, फक्त माझ्याकडे, म्हणाले, “कोणते दुबेजी, विचारा.”

“कौन से दुबेजी?” मी तिला विचारले.

“जो फैक्टरी में थे.”

“फॅक्टरीत होते म्हणते.”

“सगळेच होते. सून शिवणकाम करते, ते का, विचारा.”

तेच होते. ही बाई त्या सुनेची मावशी निघाली. मग त्यांनी मला रस्ता सांगितला, पूर्वीसारखा, एकही वळण न गाळता: पाण्याच्या टाकीपासून डावीकडे, बंद पिठाच्या गिरणीवरून पुढे, हिरवे फाटक, कुत्रा भुंकतो पण चावत नाही. मी त्यातले प्रत्येक वाक्य हिंदीत तिला दिले. कुत्र्याचेही.

तिने दोन्ही हात जोडून माझे आभार मानले. माझे. त्यांच्याकडे तिने पाहिलेही नाही. मला त्यांना काही म्हणायचे होते, पण ते माझ्याकडे पाहत नव्हते. फाटकाला टेकून, टाचा थोड्या उचलून, ती टाकीपाशी डावीकडे वळते की नाही, हे ते पाहत होते.